कोकणातली सुटलेली पोटे : ताट बदलले की काम बदलले?

पाणंद (धागाकर्ता)

किनारपट्टीवरच्या आपल्या गावांत एक समज अजून पक्का आहे, तो म्हणजे लठ्ठपणा हा शहरात बसून खाणाऱ्यांचा विकार असून भात, मासे आणि सोलकढीवर वाढलेल्या काटक माणसाला तो होत नाही. लग्नकार्यात पंगतीवरून नुसती नजर फिरवली तरी हा समज टिकत नाही. हातपाय बारीक पण पोट पुढे आलेले चाळिशीतले पुरुष आणि दोन बाळंतपणांनंतर अंग धरलेल्या स्त्रिया आता प्रत्येक वाडीत दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले आणि आधीच्या फेरीच्या तुलनेत हे दोन्ही आकडे वाढलेले होते. शहरांत प्रमाण जास्त आहे हे खरे, परंतु खेडी आता मागे राहिलेली नाहीत.

मी गुहागर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला विज्ञानशिक्षक आहे, वैद्य नव्हे. तरीही माझे एक मत मांडतो आणि जाणकारांनी ते तपासावे अशी विनंती करतो. माझ्या मते आपले ताट जितके बदलले, त्याहून कितीतरी अधिक आपले काम बदलले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या तक्त्यानुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला अवजड कष्ट असतील तर दिवसाला ३४७० कॅलरी लागतात आणि बैठे काम असेल तर २११०. हा फरक १३६० कॅलरींचा आहे, म्हणजे एका माणसाच्या दोन वेळच्या भरपेट जेवणाइतका. पेज पिऊन जोताला जाणारा, लावणीच्या दिवसांत चिखलात कमरेत वाकून राहणारा, भारे डोक्यावर घेऊन घाटी चढणारा माणूस भाताचा जो डोंगर रिचवत असे, तो त्याच्या कामाला साजेसा होता. जोत जाऊन पॉवर टिलर आला आणि कित्येक मळे तर पडच राहिले. बागांमधली कष्टाची कामे नेपाळहून येणाऱ्या गड्यांकडे गेली. विहिरीवर पंप बसला, चुलीच्या जागी गॅस आला आणि वाण्याकडे काडेपेटी आणायला जायलाही दुचाकी निघू लागली. भाताचा डोंगर मात्र आजीने वाढला तेवढाच राहिला. (यात बायकांच्या डोक्यावरचा हंडा आणि लाकडाची मोळी उतरली, याचा मला आनंदच आहे. ते दिवस परत यावेत असे म्हणणाऱ्याने कधी मोळी उचललेली नसते.)

त्यात भर पडली ती तेलाची. पूर्वी वाण्याकडून बाटलीत मोजून आणलेले तेल पुरवून वापरले जाई, आता पाच लिटरचा डबा येतो. चार माणसांच्या घरात असा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी दिवसाला सुमारे ३८ ग्रॅम तेल पोटात जाते आणि एका ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर केवळ तेलाच्या साडेतीनशेच्या आसपास कॅलरी होतात. बैठ्या माणसाला २० ते ३० ग्रॅम पुरे असतात. शिवाय फरसाण, खारी आणि बिस्किटांतून येणारे तेल या हिशेबात धरलेलेच नाही.

चर्चा कारणांवर आणि धोक्यांवर व्हावी. जादूचे काढे आणि सात दिवसांत सात किलो यांना कृपया येथे जागा देऊ नये.

सुरमई

सर, काम बदलले हे शेतीइतकेच मासेमारीलाही लागू आहे. आमचे घर मालवणचे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांब जाळे, ओढायला पूर्वी अख्खी वाडी किनाऱ्यावर उतरत असे आणि ओढून ओढून हात सोलवटत असत. आता यांत्रिक होडीवर जाळे ओढायला यंत्र आहे आणि बायकांची मासळीची पाटीही डोक्यावरून रिक्षात किंवा टेम्पोत गेली.

परंतु ताट फारसे बदलले नाही, हे आपले म्हणणे मला अर्धेच पटते. मासा तोच आहे, त्याची तऱ्हा बदलली. माझ्या सासूबाई बांगड्याचे तिखले करत, पेडव्यांचे सुके करत, तळलेला तुकडा पाहुण्यांपुरता किंवा सणापुरता असे. पर्यटक आले, खानावळी वाढल्या आणि रव्यात घोळवून तेलात परतलेली तुकडी ही मालवणी जेवणाची ओळख ठरली. पाहुण्यांसाठी जे ताट मांडले तेच हळूहळू आमच्या घरच्यांना रोजचे वाटू लागले. मुले आता तिखले पुढे ठेवले तर नाक मुरडतात. तिखल्यात बांगड्याचे स्वतःचे तेल असते आणि ते हृदयाला चांगले म्हणतात. तोच बांगडा रव्यात तळला की त्यावर बाहेरचे तेल किती चढते, हे कढई रिकामी होताना दिसते.

दादरचा_चाकरमानी

एवढी चर्चा कशाला? भात, नारळ आणि आंबा हे तीन बंद केले की कोकणातला लठ्ठपणा संपला. मी स्वतः भात सोडला आहे.

कातळफूल

मी रत्नागिरीजवळ गेली अनेक वर्षे सामान्य वैद्यकीय व्यवसाय करते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

चाकरमानी, आपल्याला भात सोडून बरे वाटत असेल तर आनंद आहे, परंतु एकट्या भाताला आरोपी करून हा खटला निकाली निघत नाही. आपले पणजोबा दोन्ही वेळ भातच खात होते. अडचण आहे ती प्रमाणाची आणि सोबतीची. ताटात भात भरपूर, डाळ पातळ, भाजी चमचाभर आणि मासा मिळाला तर एक तुकडा, अशी मांडणी असली की पोट भरते पण प्रथिने कमी पडतात आणि थोड्याच वेळात पुन्हा भूक लागते. भारतीयांच्या आहारात सरासरी ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासात दिसून आले आहे. उकडा तांदूळ पांढऱ्याशुभ्र पॉलिशच्या तांदळापेक्षा बरा आणि नाचणीची भाकरी त्याहून बरी. हापूसच्या १०० ग्रॅम गरात ६० च्या आसपास कॅलरी असतात. जेवणानंतर एक आंबा खाल्ल्याने कोणी लठ्ठ होत नाही, पण पुऱ्यांबरोबर दोन वाट्या साखर घातलेला आमरस, आणि तोही महिनाभर रोज, ही वेगळी गोष्ट आहे. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे कॅलरी असतात, म्हणून नारळ सोडू नये पण मोजावा.

आता मूळ मुद्द्याकडे येते. पाणंद सरांनी ‘हातपाय बारीक आणि पोट पुढे’ असे जे वर्णन केले आहे, त्यातच आपल्या लोकांचा खरा धोका आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा ज्याला सडपातळ म्हणतो, तो आपला माणूस आतून चरबीने भरलेला असू शकतो. याज्ञिकांच्याच चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत जो अभ्यास चालवला, त्यात याचे मूळ गर्भावस्थेपर्यंत जाते असे दिसले. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची होती आणि इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी होते, चरबी मात्र जवळजवळ तितकीच होती. आईच्या पोटात उपासमार सोसलेले शरीर पुढे काटकसरीने चालते आणि त्याला नंतर सुबत्ता मिळाली की ती पोटाभोवती साठते. मनीऑर्डरची वाट पाहणाऱ्या घरांत जन्मलेली आणि आज सुस्थितीत असलेली आपली पन्नाशीतली पिढी नेमकी या वळणावर उभी आहे.

म्हणूनच आपल्यासाठी मापे वेगळी आहेत. जागतिक आरोग्य संघटना ३० च्या पुढच्या बीएमआयला लठ्ठपणा म्हणते, भारतीयांसाठी मात्र तज्ज्ञांनी २००९ मध्ये २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा असे ठरवले. पाच फूट तीन इंच, म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीचा माणूस ५९ किलोला पहिली रेषा ओलांडतो आणि ६४ किलोला दुसरी. आकडा ऐकून रुग्ण हसतात, कारण त्यांच्या मते ६४ किलो म्हणजे ‘तब्येत चांगली’. त्याहून सोपे माप कंबरेचे आहे. पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. टेप पॅंटच्या पट्ट्यावरून नव्हे, तर शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून घ्यावी. पोट आत ओढून माप देणारे मला रोज भेटतात. वर उल्लेखलेल्या देशव्यापी अभ्यासाचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे पाहा. बीएमआयनुसार लठ्ठ २८.६ टक्के भरले आणि पोटाच्या घेरानुसार ३९.५ टक्के. केवळ वजनकाट्यावर विसंबलो तर सुटून जाणारी माणसे किती, हे यावरून कळते.

पोटातल्या चरबीचा एवढा बाऊ का, तर कातडीखालची चरबी बरीचशी निमूट पडून असते, पण आतड्यांभोवतीची चरबी सतत स्निग्धाम्ले सोडत राहते आणि ती थेट यकृताकडे जातात. यकृतात चरबी साचते, इन्सुलिनला शरीर दाद देईनासे होते, रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढतात, रक्तदाब चढतो, आणि हे सारे वर्षानुवर्षे काही न दुखता चालू असते. दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या माणसाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहून येते ते यामुळेच. मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात ही पुढची स्थानके सर्वांना ठाऊक आहेत. कमी ठाऊक असलेले धोके म्हणजे झोपेत श्वास अडकणे, पित्ताशयातले खडे, मुलींमधली अनियमित पाळी आणि कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये १३ प्रकारच्या कर्करोगांचा संबंध जादा चरबीशी जोडला, त्यांत गर्भाशयाच्या अस्तराचा आणि पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कर्करोग येतो. ढोपरांचे तर विचारूच नका. गुडघ्याच्या संधिवातात एक किलो वजन उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो.

ओवरी

डॉक्टर, आपण सविस्तर लिहिलेत, परंतु ‘आपले काम बदलले’ हे वाक्य घरातल्या बाईला तितकेसे लागू पडत नाही असे मला वाटते. तिचे काम कमी झाले नाही, ते उभ्याने आणि बसून करायचे झाले. पहाटे डबे, दिवसभर घर, संध्याकाळी मुलांचा अभ्यास. सगळ्यांचे आटोपल्यावर ती रात्री दहाला जेवायला बसते आणि भांड्यात उरलेला भात टाकवत नाही म्हणून तो तीच संपवते. आठवड्यात दोन उपवास, आणि उपवास म्हणजे तुपात परतलेली शेंगदाण्याच्या कुटाची साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर गोड चहा. फिरायला जा असे डॉक्टर सांगतात, पण महामार्गाच्या कडेने डंपर अंगावरून जातात आणि आतल्या वाटेला संध्याकाळी दिवा नाही. साडी नेसून, चपला घालून भरभर चालणाऱ्या सुनेकडे पाहून चार माणसे विचारतात, ‘काय गो, खंय पळतंस?’ हे कारण कोणत्याही तक्त्यात येत नाही.

दुसरे म्हणजे आमच्याकडे वजन वाढले की थायरॉइडवर खापर फुटते. त्यात तथ्य किती?

कातळफूल

ओवरीताई, उरलेल्या भाताचे निरीक्षण अगदी नेमके आहे. थायरॉइड ग्रंथी मंदावल्याने वजन वाढते, पण बहुधा दोन ते पाच किलो, आणि त्यातही पाणी व क्षार यांचा वाटा मोठा असतो. पंधरा-वीस किलोंचा हिशेब एकट्या थायरॉइडवर टाकता येत नाही. तपासणी मात्र जरूर करावी. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स, काही मनोविकारांवरची औषधे आणि मधुमेहाची काही औषधेही वजन वाढवतात. कोणत्याही नावाशिवाय पुडीत बांधून मिळणारी सांधेदुखीची ‘गावठी’ औषधे घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे, कारण त्यांत स्टिरॉइड मिसळलेले निघण्याचे प्रकार घडले आहेत.

रातांबा

कोकमाचा उल्लेख अजून कोणीच कसा केला नाही? कोकमात हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते आणि ते चरबी तयार होऊ देत नाही, असे पाकिटांवर छापलेले असते. आपल्या अंगणातच औषध असताना बाहेर शोधायचे कशाला?

पाणंद (धागाकर्ता)

रातांबा, हा प्रश्न विज्ञानाचा आहे म्हणून डॉक्टरांच्या आधी मीच लिहितो. ते आम्ल कोकमात आहे, आणि दक्षिणेकडे आमटीत वापरतात त्या त्याच्याच भावकीतल्या गार्सिनिया कॅम्बोजियातही आहे. प्रयोगशाळेत त्याने चरबी बनवणारे एक विकर (एन्झाइम) अडते हेही खरे. परंतु माणसांवरच्या चाचण्यांत वजनातला फरक नगण्य निघाला. उलट अमेरिकेत त्या झाडाचा अर्क असलेल्या वजन उतरवण्याच्या एका प्रसिद्ध गोळीवर २००९ मध्ये यकृताला इजा झाल्याच्या तक्रारींवरून सरकारी इशारा निघाला आणि उत्पादन मागे घ्यावे लागले. जेवणातली सोलकढी आणि डबीतला दाट अर्क यांत फार अंतर आहे. आणि ज्याला आपण कोकम सरबत म्हणतो, त्या बाटलीत सर्वांत जास्त असते ती साखर. पाहुण्यांच्या हातात दुपारी तीन वेळा ते पेले देणे हे आदरातिथ्य झाले, औषध नव्हे.

माडाखाली

मी थोडे विरुद्ध बोलतो. आम्ही दोघे भाऊ एकाच घरात, एकाच हातचे जेवून वाढलो. भाऊ काटकुळा आहे आणि मी शाळेपासून जाडा. शाळेत मला ‘भोपळा’ म्हणत आणि खेळांच्या स्पर्धेला उभे करत नसत. या धाग्यावर जे लिहिले जात आहे ते बरोबर असेलही, परंतु त्यातून ‘खातो म्हणून फुगतो’ एवढाच अर्थ लोक काढतात. दवाखान्यात सर्दी घेऊन गेलो तरी आधी वजनावर भाषण ऐकावे लागते, त्यामुळे मी दवाखान्यात जाणेच टाळत आलो.

कातळफूल

माडाखाली, आपली तक्रार रास्त आहे आणि ती माझ्या व्यवसायबंधूंनी ऐकण्यासारखी आहे. डेन्मार्कमध्ये ५४० दत्तक व्यक्तींचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठेपणी त्यांची अंगकाठी जन्मदात्यांशी जुळत होती, ज्यांच्या ताटात ते वाढले त्या पालकांशी नव्हे. १९९४ मध्ये लेप्टिन हे संप्रेरक सापडले आणि चरबीच्या पेशी मेंदूला सतत खबर देत असतात हे कळले. वजन उतरू लागले की मेंदू त्याला दुष्काळ समजतो, भूक वाढवतो आणि खर्च आखडता घेतो. म्हणून कष्टाने उतरवलेले वजन परत चढते, त्यात निर्धाराचा अभाव शोधणे चूक आहे. अनुवंश आपल्या गावात पन्नास वर्षांपूर्वीही हाच होता, त्याला हवे तेवढे तेल, साखर आणि खुर्ची आता मिळाली. दोन भावांपैकी कोणाच्या पोटावर ते दिसेल, हे अनुवंश ठरवतो. परंतु आपल्या काटकुळ्या भावानेही साखर तपासून घ्यावी, कारण वर लिहिल्याप्रमाणे तो सुरक्षित आहेच असे नाही.

आपल्यासाठी एक दिलासा देणारी गोष्ट सांगते. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत काहीच न बदलणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, तर चालणे आणि आहार यांत बदल करणाऱ्यांपैकी सुमारे ३९ टक्के लोकांना, आणि हा फायदा वजन फारसे न घटताही झाला. काटा हलला नाही म्हणून चालणे सोडणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

सुरमई

माझे दोन मुद्दे राहून गेले. एक बिअर आणि तिच्यासोबतचे चणे-शेंगदाणे, ज्यांविषयी पुरुष मंडळी येथे सोयीस्करपणे गप्प आहेत. दुसरा झोपेचा. मासेमारी बंदीचे जून-जुलै सोडले तर आमच्याकडची माणसे रात्री-अपरात्री समुद्रावर असतात आणि तरुण मुले घरी राहूनही मोबाइलमुळे दोन वाजेपर्यंत जागी असतात. जागरणाने भूक वाढते असे वाचले आहे.

कातळफूल

दोन्ही बरोबर. मद्याच्या एका ग्रॅमला ७ कॅलरी असतात आणि ते पोटात असेपर्यंत शरीर चरबी जाळण्याचे काम बाजूला ठेवते. झोप कमी झाली की भूक वाढवणारे घ्रेलिन चढते आणि तृप्ती देणारे लेप्टिन उतरते.

दादरचा_चाकरमानी

भात सोडून माझे चार किलो उतरले होते, दिवाळीनंतर तीन परत आले, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. आमच्या ऑफिसात आता इंजेक्शनांची चर्चा आहे. आठवड्याला एक टोचले की भूकच लागत नाही म्हणतात. गावी माझी आत्या आहे, वय ५६, वजन ८२ किलो, गुडघे धरलेले, साखर ‘थोडी वर’. तिच्यासाठी ते योग्य ठरेल का?

कातळफूल

रुग्णाला न पाहता औषध सांगता येत नाही, त्यामुळे सर्वसाधारण माहिती देते. आपण म्हणता त्या इंजेक्शनांपैकी टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात आले. ही औषधे आतड्यातल्या तृप्तीच्या संप्रेरकाची नक्कल करतात. चाचण्यांत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरले, हे पूर्वीच्या कोणत्याही गोळीला जमले नव्हते. परंतु औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आले, म्हणजे रक्तदाबाच्या गोळीप्रमाणे ते दीर्घकाळ घेण्याची आणि खर्चाची तयारी हवी. मळमळ, उलटी आणि बद्धकोष्ठता होते, पित्ताशय आणि स्वादुपिंड यांवर लक्ष ठेवावे लागते, आणि घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झालेला असेल तर ते देत नाहीत. चरबीबरोबर स्नायूही उतरतात, आणि आपल्याकडे ते आधीच कमी असतात, त्यामुळे प्रथिने आणि ताकदीचा व्यायाम यांची जोड नसेल तर साठीकडे झुकलेल्या बाईला जिना चढणे अधिकच जड जाईल.

आत्यांच्या बाबतीत आधी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी), उपाशीपोटी रक्तातल्या चरबीचे प्रमाण, यकृताच्या तपासण्या, थायरॉइड आणि रक्तदाब इतके करून घ्या आणि त्या रात्री घोरतात का, दिवसा बसल्या बसल्या डुलक्या घेतात का, हे घरच्यांना विचारा. वजनाच्या पाच ते सात टक्के, म्हणजे त्यांच्यासाठी चार ते सहा किलो, एवढे पहिले लक्ष्य पुष्कळ झाले. गुडघे धरलेले असताना चालण्याचा आग्रह नको. खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतील आणि रात्रीचे जेवण आठच्या आत आणता आले तर आणा. इंजेक्शनचा निर्णय हे अहवाल हातात आल्यावर तिथल्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून घ्या, मुंबईहून ओळखीच्या दुकानातून पेन घेऊन गावी पाठवू नका. ते औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये साठवावे लागते आणि मे महिन्यात रात्रीच्या गाडीने पाठवलेले ते कोणत्या अवस्थेत पोहोचेल, हे सांगता येत नाही.